हिमालयाचं वय गाळाला विचारताना



एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडक चुनखडीचा आहे. साधारण ४५ ते ४७ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तो साचला आणि त्या समुद्रातल्या जिवांच्या कवचांचे तुकडे आजही त्यात सापडतात. शाळेत ही गोष्ट कानावर पडली की आपण थक्क होतो, आणि थक्क व्हावं अशीच ती आहे. पण तिच्यातून हिमालय केव्हा वर आला याबद्दल काहीच कळत नाही. खडकाचं वय एक आणि पर्वताचं वय दुसरं. खडक कोट्यवधी वर्षं समुद्रतळाशी, जमिनीखाली निमूट पडून राहू शकतो. त्याला वर कधी उचललं गेलं, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि आजचं व्याख्यान त्या प्रश्नाबद्दल आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे शिक्षक होते. म्हणून निष्कर्षांची यादी सांगण्यापेक्षा ते निष्कर्ष कोणत्या वाटेने हाती आले आणि कुठे त्या वाटेवरून पाय घसरला, यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

पर्वत स्वतःचा इतिहास स्वतःजवळ ठेवत नाही, ही पहिली अडचण. तो वर येतो तसतसा वरून झिजत जातो. हिमालयाच्या मध्यभागी आज जे नाइस आणि शिस्ट खडक उघड्यावर दिसतात, ते वीस-पंचवीस किलोमीटर खोलीवरच्या उष्णतेत आणि दाबात तयार झालेले आहेत. म्हणजे त्यांच्या डोक्यावर तेवढ्या जाडीचा खडक होता आणि तो आता तिथे नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून आजही वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ वाहून नेतात. जो इतिहास पर्वतावरून पुसला गेला, तो या गाळात आहे. उलटा, सुटा आणि मिसळलेला आहे, पण आहे.

हा गाळ साठायला जागा लागते आणि ती जागा पर्वतच तयार करतो. हिमालयाच्या भाराने भारतीय भूपट्ट खाली वाकतो आणि पर्वताच्या पायथ्याशी एक लांबलचक खोलगट भाग तयार होतो. आजचं गंगेचं मैदान म्हणजे हा भरलेला खोलगट भाग. पायथ्याजवळ तिथे गाळाची जाडी पाच-सहा किलोमीटरपर्यंत जाते आणि दक्षिणेकडे ती कमी कमी होत जाते. भार वाढला की वाक वाढतो, वाक वाढला की जागा वाढते. त्यामुळे कोणत्या काळात किती जाडीचा गाळ साचला हे कळलं, तर त्या काळात मागे पर्वतात काय चाललं होतं याचा अंदाज करता येतो. खोऱ्याची घडण आणि पर्वताची चढण या दोन गोष्टी वेगळ्या वाचता येत नाहीत, त्या यामुळेच.

आणखी एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. हिमालय दक्षिणेकडे सरकत येतो तेव्हा आपल्याच समोरच्या खोऱ्यातला जुना गाळ उचलून त्याच्या टेकड्या करतो. त्या टेकड्या म्हणजे शिवालिक. त्यातले थर तिरके उभे राहिले आहेत. चंदीगडच्या आसपास घग्गर किंवा मारकंडा नदीच्या पात्रातून चालत गेलं, तर पायाखाली लाखो वर्षं ओलांडली जातात, खोल विहीर खणावी लागत नाही. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी १८३०च्या दशकात इथून जिराफाच्या कुळातल्या अजस्र शिवाथेरियमची हाडं काढली आणि शिवालिकचं नाव जगभर झालं. पुढे थरांना जी नावं मिळाली ती बहुतेक पाकिस्तानातल्या पोतवार पठारावरच्या गावांची आहेत: कामलियाल, चिंजी, नगरी, ढोक पठाण, तत्रोत. सर्वांत वरच्यांपैकी पिंजोर मात्र आपल्या हरियाणातलं, बागेसाठी प्रसिद्ध असलेलं.

शिवालिकच्याही आधीचे थर पाहायचे तर काल्का-शिमला रेल्वेच्या टापूत जावं. सुबाथू, दगशाई, कसौली ही तिथली छावण्यांची गावं. त्यांच्याच नावाने तिथले तीन थरसमूह ओळखले जातात. सुबाथूचा खडक समुद्रातला आहे, त्यात न्युम्युलाइटची नाण्यासारखी चपटी कवचं आणि शिंपले सापडतात. दगशाईचा खडक लाल, नद्यांनी आणलेल्या गाळाचा. कसौलीचा वालुकाश्म करडा आणि त्यात पानांचे ठसे. समुद्र गेला, नद्या आल्या, हे या क्रमातून डोळ्यांनाही दिसतं. केव्हा, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही.

थराचं वय काढायच्या जुन्या पद्धतीत जीवाश्मांवर सगळा भरवसा होता. हा प्राणी त्या प्राण्याच्या आधीचा, एवढं त्यातून पक्कं कळतं. वर्षांचा आकडा त्यातून येत नाही. थरांच्या मध्ये ज्वालामुखीची राख सापडली तर आकडा मिळतो, पण शिवालिकमध्ये अशी राख क्वचित. किलोमीटरच्या किलोमीटर गाळ आणि आकडा सांगणारी राख हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, अशी अवस्था होती.

ती बदलली चुंबकत्वामुळे. गाळ साचताना त्यातले लोहखनिजांचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळून बसतात. पृथ्वीचं हे क्षेत्र अधूनमधून उलटं होतं, उत्तर टोकाचं दक्षिण होतं. फ्रान्सच्या बर्नार ब्रून यांना विसाव्या शतकाच्या आरंभी लाव्ह्याने भाजलेल्या मातीत हे उलटं चुंबकत्व दिसलं आणि जपानच्या मोटोनोरी मातुयामा यांनी १९२९मध्ये ते काळाशी जोडलं. शेवटची उलथापालथ सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीची, तिच्या आधीची एक ठळक २५ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची, असा कोट्यवधी वर्षांमागचा क्रम आता माहीत आहे. हे उलटणं साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी होतं, म्हणून पोतवारमधला थर आणि अटलांटिकच्या तळावरचा थर एकाच मोजपट्टीवर बसवता येतात.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात थराच्या कडेला उभं राहून, दर काही मीटरवर बारीक दाण्याचा नमुना घ्यायचा, तो काढण्याआधी त्याची दिशा आणि उतार नेमका नोंदवायचा आणि मग प्रयोगशाळेत तो टप्प्याटप्प्याने तापवायचा. तापवायचा अशासाठी की गाळ साचून गेल्यावर झिरपणाऱ्या पाण्यामुळे नव्या लोहखनिजाची वाढ होते आणि मूळ दिशेवर नंतरची दिशा चढते. ती पुसल्याशिवाय मूळ दिशा हाती येत नाही. नील ओप्डाइक, नॉय जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानी भूवैज्ञानिकांसोबत १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पोतवारमध्ये हे काम केलं आणि शिवालिकला प्रथमच वर्षांचा कणा मिळाला. कामलियाल सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुरू होतो, चिंजी १ कोटी ४० लाखांच्या आसपास, नगरी १ कोटी १० लाखांच्या आसपास. जगातल्या भूखंडीय गाळाच्या अभ्यासात या कामाला फार वरचं स्थान आहे असं मी मानतो, आणि ते नमुने काढणाऱ्यांच्या धीराला त्याचं अर्धं श्रेय आहे.

कणा मिळाला की वेग काढता येतो. नगरीच्या सुरुवातीला, म्हणजे सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी, गाळ साचण्याचा वेग स्पष्ट वाढलेला दिसतो. हिमालयाचा दक्षिणेकडचा मोठा प्रस्तरभंग त्या सुमारास हलू लागला आणि त्याच्या भाराने खोरं जास्त वेगाने खचलं, असा अर्थ त्यातून काढला गेला आहे. इथे एक सावधगिरी लागते. जितक्या लहान कालखंडात आपण वेग मोजतो तितका तो जास्त येतो, कारण लहान खंडात मधली विश्रांती धरली जात नाही. पीटर सॅडलर यांनी १९८१मध्ये हे दाखवलं. शेजारी शेजारी मांडलेल्या दोन वेगांचे कालखंड सारखे नसतील, तर तुलना करूच नये.

आता थराकडून कणाकडे वळू या. थराला एक वय असतं, पण त्यातल्या प्रत्येक कणाचं वय वेगळं. वालुकाश्म फोडून त्यातले जड कण वेगळे केले की झिरकॉन हाती येतो. या खनिजाच्या जडणघडणीत युरेनियम सहज शिरतं आणि शिसं जवळजवळ शिरत नाही. म्हणून आत सापडणारं शिसं युरेनियमच्या किरणोत्सर्गातूनच आलेलं असतं. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षांचं, त्यामुळे पृथ्वीएवढ्या जुन्या कणाचंही वय निघतं. लेझरने कणावर केसाच्या जाडीहून लहान खड्डा पाडून ते मोजतात. लघुहिमालयाच्या खडकांत १८० ते १९० कोटी वर्षांचे झिरकॉन भरपूर, मुख्य हिमालयात ५० ते ११० कोटींचे, आणि सिंधूच्या सांध्यापलीकडच्या, म्हणजे भारत आणि आशिया जुळले त्या रेषेच्या आशियाकडच्या बाजूच्या लडाखच्या ग्रॅनाइटांत अवघ्या ५ ते ६ कोटींचे. कणाच्या वयावरून तो कोणत्या मुलखातून निघाला हे ओळखता येतं.

किती कण मोजावेत यावरही विचार झाला आहे. एखाद्या मुलखातून फक्त ५ टक्के कण आले असतील आणि तेही नजरेतून सुटू नयेत असं वाटत असेल, तर ११७ कण मोजावेत, असं पीटर फरमेश यांनी २००४मध्ये गणिताने दाखवलं. त्याआधीच्या कित्येक लेखांत चाळीस-पन्नास कणांवर मोठी विधानं उभी केलेली होती.

भारत आशियाला केव्हा भिडला या प्रश्नाचं उत्तर असंच कणांनी दिलं. दक्षिण तिबेटमध्ये भारतीय बाजूच्या समुद्रतळावरचे थर पाहिले, तर खालच्या थरांत भारतीय भूभागातले जुने कण आणि वर एका पातळीपासून अचानक आशियातले तरुण झिरकॉन. मधला महासागर मिटल्याशिवाय आशियाची वाळू भारताच्या कडेवर पडू शकत नाही. ती पातळी सुमारे ५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची आहे. दोन खंडांची टक्कर एका वाळूच्या थरातून ठरवता आली, याचा मला आजही आनंद होतो.

दगशाईचा गुंताही कणांनीच सोडवत आणला. सुबाथूचा समुद्र हटला आणि लगोलग दगशाईच्या नद्या आल्या, असं अनेकांचं मत होतं. यानी नाजमन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दगशाईतल्या अभ्रकाचं वय त्यात अडकलेल्या आर्गॉन वायूवरून काढलं. त्यातले काही पापुद्रे जेमतेम २ कोटी ८० लाख वर्षांचे निघाले. थरातला कण ज्या वयाचा, थर त्याहून जुना असूच शकत नाही. म्हणजे सुबाथू आणि दगशाई यांच्यात कोटभर वर्षांहून मोठी फट आहे. डोळ्यांना तिथे एका थरावर दुसरा थर टेकलेला दिसतो. मधली वर्षं कुठे दिसत नाहीत.

या नियमाची उलटी बाजू आपल्या महाराष्ट्रातच आहे, म्हणून जरा बाजूला जातो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरीला गाळात ज्वालामुखीची राख सापडली आणि तिच्या सोबतीला आदिमानवाची दगडी हत्यारं. राखेच्या वयावरून हत्यारांचं वय ठरणार, म्हणून तिला विलक्षण महत्त्व. एका मोजणीत तिचं वय १४ लाख वर्षं आलं, दुसरीत ६ लाख ७० हजार, आणि काही संशोधकांच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची अवघी ७४ हजार वर्षांपूर्वीची राख आहे. राखेत आजूबाजूच्या जुन्या खडकाचे कण मिसळले असतील तर वय फुगतं; नदीने राख उचलून पुन्हा दुसरीकडे टाकली असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. कण थराहून जुना असायला काहीच हरकत नसते, त्यामुळे कोणता कण मोजला हे विचारल्याशिवाय कोणताही आकडा स्वीकारू नये.

आता उचलण्याच्या प्रश्नाकडे येतो. झिरकॉनचं युरेनियम-शिशाचं वय कण जन्मल्याचं आहे. तो पृष्ठभागाकडे कधी निघाला हे ते सांगत नाही. त्यासाठी थंड होण्याची वयं लागतात. युरेनियमचा अणू अधूनमधून आपोआप दुभंगतो आणि त्याचे तुकडे स्फटिकात बारीक रेषा पाडतात. खनिज गरम असेल तोवर या रेषा बुजत राहतात. ॲपेटाइटमध्ये साधारण ११० अंश सेल्सिअसच्या खाली आणि झिरकॉनमध्ये साधारण २४० अंशांच्या खाली त्या टिकू लागतात. अभ्रकात आर्गॉन वायू याहून वरच्या तापमानापासून अडकून राहतो. खोल गेलं की दर किलोमीटरला २५-३० अंश तापमान वाढतं असं धरलं, तर झिरकॉनमधल्या रेषांचं वय म्हणजे तो कण सात-आठ किलोमीटर खोलीवरून वर निघाल्याची तारीख.

पूर्वी पत्रावर टपालाचे दोन शिक्के असत, निघाल्याचा आणि पोचल्याचा. दोन्ही वाचले की पत्र वाटेत किती दिवस होतं ते कळे. कणाचं थंड होण्याचं वय हा पहिला शिक्का, थर साचल्याचं वय हा दुसरा. समजा, १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या थरात १ कोटी ९० लाख वर्षांचा झिरकॉन मिळाला. म्हणजे वीस लाख वर्षांत सात किलोमीटरचं अंतर कापून तो वर आला, झिजला, वाहिला आणि साचला. वर्षाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे वीस लाख वर्षं न थांबता चाललेली झपाट्याची झीज.

फिलिप सेर्व्हनी आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये पोतवारच्या वालुकाश्मांवर हेच केलं. गेल्या १ कोटी ८० लाख वर्षांच्या प्रत्येक थरात, साचण्याआधी १० ते ५० लाख वर्षांत थंड झालेले कण त्यांना सापडले. नंगा पर्बतासारखा वेगाने वर येणारा, वेगाने झिजणारा मुलूख हिमालयात त्या सबंध काळात कुठे ना कुठे होता. डी. एन. वाडिया यांनी १९३१मध्ये ज्या नंगा पर्बताभोवतीच्या पर्वतरांगांच्या मोठ्या वळणाचा उलगडा केला, तोच हा नंगा पर्बत. १९९०मध्ये पीटर कोपलंड आणि मार्क हॅरिसन यांनी श्रीलंकेच्या दक्षिणेला, बंगालच्या उपसागरातून पसरलेल्या गाळाच्या पंख्याच्या टोकाला, १९८७च्या सागरी मोहिमेत काढलेल्या गाळातही तसेच ताजे कण दाखवले. हिमालयातून निघालेली वाळू पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या समुद्राखालच्या पंख्यावरून हजारो किलोमीटर गेली होती.

यातून हिमालय किती उंच होता हे कळलं का? नाही, आणि याच ठिकाणी या शास्त्राचा पाय सर्वांत जास्त वेळा घसरला आहे. फिलिप इंग्लंड आणि पीटर मोल्नार यांनी १९९०मध्ये तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: खडक वर येणं, खडक उघडा पडणं आणि जमिनीची उंची वाढणं. आपण मोजतो ती दुसरी गोष्ट. वरून झीज होते म्हणून खालचा खडक उघडा पडतो. जमीन तेवढ्याच उंचीवर राहूनही हे होऊ शकतं. उलट, कोरड्या तिबेटासारखा प्रदेश उंच होऊनही झीज कमी असेल तर कणांत त्याची खूण उमटत नाही. आणि वेगाने वर येणारा खडक आपल्यासोबत उष्णताही वर आणतो, म्हणून वरचे साडेतीन मिलिमीटरसारखे आकडे अनेकदा खऱ्याहून मोठे येतात.

त्याच वर्षी त्या दोघांनी आणखी अस्वस्थ करणारा प्रश्न विचारला. गेल्या काही दशलक्ष वर्षांत जगभर गाळ वाढल्यासारखा दिसतो. पर्वत उचलले गेले म्हणून हवामान बदललं, की हवामान बदललं म्हणून झीज वाढली, भार हलका झाला आणि शिखरं वर आली? गाळ दोन्ही बाजूंनी सारखीच साक्ष देतो.

शिवालिकच्या गवतांची कथा याच जातीची आहे. जे क्वेड, थर सर्लिंग आणि जॉन बोमन यांनी १९८९मध्ये तिथल्या जुन्या मातीतल्या चुनखडीच्या गाठींचा कार्बन मोजला. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी त्याची घडण ठळकपणे बदलते: झाडं आणि झुडपं मागे हटून सी-४ पद्धतीने कार्बन घेणारी गवतं पसरतात. आपली ज्वारी, बाजरी, मका, ऊस याच पद्धतीच्या. मान्सून बळावला, आणि तो बळावला म्हणजे तिबेट उंच झाला, असा अर्थ लगेच निघाला. पण पुढच्या काही वर्षांत आफ्रिकेत आणि अमेरिकेतही त्याच सुमारास तीच गवतं पसरल्याचं दिसलं. एकट्या हिमालयाने ते घडवलं असेल, हे तेव्हापासून कठीण झालं. मोजणी अचूक होती, थरांची वयं अचूक होती. अर्थ मात्र घाईने लावला गेला. मला वाटतं, विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच ही कथा सांगितली पाहिजे.

पर्वत आधी की हवामान आधी, या कोंबडी-अंड्याच्या प्रश्नावर बळकट पुरावा मिळाला तो समुद्रातून. २०१५मध्ये क्रिस्तियाँ फ्राँस-लानोर आणि फोल्कहार्ट श्पीस यांच्या नेतृत्वाखाली बंगालच्या पंख्यावर आठ अंश उत्तर अक्षांशाच्या रेषेत सात ठिकाणी छिद्रं घेतली गेली. त्या वाळूच्या क्वार्ट्झमधला बेरिलियम-१० मोजला गेला. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हा समस्थानिक जमिनीच्या वरच्या एक-दोन मीटरमध्येच तयार होतो. डोंगर वेगाने झिजत असेल तर कणाला वर थांबायला वेळच मिळत नाही आणि बेरिलियम कमी भरतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षांचं, म्हणून काही दशलक्ष वर्षंच मागे जाता येतं. २०२०मध्ये आलेला निष्कर्ष असा: गेली सुमारे ६० लाख वर्षं हिमालयाची झीज जवळपास स्थिर आहे. हिमयुगं आली आणि गेली, तरी तिचा सरासरी वेग त्या प्रमाणात वाढलेला नाही. हवामान बदललं म्हणून पर्वत झपाट्याने झिजू लागला, ही बाजू त्याने निदान हिमालयापुरती पुष्कळ कमजोर केली.

२०१५मध्येच आपल्या बाजूच्या अरबी समुद्रातही मोहीम झाली. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट तिचे प्रमुख होते. जहाज कोलंबोहून निघालं आणि मे महिन्याच्या अखेरीस मुंबईला लागलं. भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्याखाली हजार मीटरहून अधिक छिद्र घेऊन सिंधूचा गाळ वर काढायचा होता. गंगा-ब्रह्मपुत्रेने मध्य आणि पूर्व हिमालयाचा इतिहास नेला. काराकोरम, लडाख आणि पश्चिम हिमालयाचा इतिहास सिंधूने नेला आहे.

वरचा गाळ अपेक्षेप्रमाणे सिंधूचा निघाला. मग १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीच्या पातळीवर तीनशे मीटरहून जाड असा अस्ताव्यस्त थर लागला. त्यात चुनखडीचे लोंढे होते आणि तो सिंधूचा नव्हताच. सौराष्ट्राच्या बाजूने भारताची समुद्राखालची किनारकड एका वेळी कोसळून तिथवर आली होती. या भूस्खलनाला नटराज असं नाव आहे; त्यातला एकूण राडारोडा सुमारे १९ हजार घन किलोमीटर धरला जातो, आणि अशा शांत किनाऱ्यांवरच्या ज्ञात कोसळण्यांत त्याची गणना सर्वांत मोठ्यांत होते. त्याच्याखाली जुना गाळ लागला, पण सिंधूच्या पंख्याची अखंड सुरुवात त्या छिद्रांतून मिळाली नाही. टक्कर झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन कोटी वर्षांत काराकोरम आणि पश्चिम हिमालय किती झिजत होते, याची समुद्रातली नोंद अजून त्या खोऱ्यात खाली गाडलेली आहे. ती काढायची तर नटराजाच्या वाटेत न आलेली जागा शोधून पुन्हा तितकंच खोल छिद्र घ्यावं लागेल.